एक अंगावर, एक दांडीवर

जानेवारीतली संध्याकाळ. घड्याळात जेमतेम साडेचार, पण अंधार असा की दिवेलागण होऊन तास उलटला असावा. यॉर्कशायरमधल्या एका लिव्हरी यार्डाच्या फरसबंद अंगणात मी विजेरी धरून उभा होतो आणि माझी भाची घोड्याच्या पोटाखालचे पट्टे सोडत होती. लिव्हरी यार्ड म्हणजे घोड्यांचं वसतिगृह. भाडं भरलं की ठाण मिळतं, कुरण मिळतं. या यार्डात लीद काढणं, खरारा, चारापाणी हे ज्याचं त्यानं येऊन करायचं. भाची सकाळी कामावर जाण्याआधी एकदा येते, कामावरून सुटली की एकदा.

‘‘मामा, हे जरा धर,’’ म्हणून तिनं घोड्याच्या पाठीवरची झूल माझ्या हातांवर टाकली आणि माझे दोन्ही हात सपकन खाली गेले. बाह्यांतून गार पाण्याचे ओघळ कोपरापर्यंत आले. दिवसभर बारीक पाऊस, त्यात हा बहाद्दर चिखलात दोनदा लोळलेला.

झूल हा आपला शब्द. आपली झूल पोळ्याला बैलाच्या अंगावर चढते, आरसे-गोंडे मिरवते आणि दुसऱ्या दिवशी पेटीत जाते. इंग्लंडातल्या झुलीला रग म्हणतात आणि तो ऑक्टोबर ते एप्रिल घोड्याच्या अंगावरून फारसा उतरतच नाही. रेनकोट आणि रजई एकत्र शिवली तर जे होईल ते. बाहेरून नायलॉनचं किंवा पॉलिस्टरचं जाड कापड, आतून गुळगुळीत अस्तर, मध्ये कापसासारखी कृत्रिम भरण. छातीशी दोन बकलं, पोटाखालून तिरके जाणारे दोन पट्टे, शेपटीखालून एक दोरी. माप फूट-इंचांत, छातीपासून पुठ्ठ्यापर्यंत मोजलेलं.

चाऱ्याच्या खोलीत गवताची जाळी तोलायचा स्प्रिंगचा काटा टांगलेला होता. मला राहवलं नाही. त्याच मापाचा दुसरा, कोरडा रग खुंटीवर होता. तो तोलला, चार किलो भरला. मग ओला अडकवला. काटा सातावर जाऊन थांबला.

तीन किलो म्हणजे तीन लिटर पाणी. निम्मी छोटी कळशी त्या कापडात लपून बसलेली. उद्या सकाळपर्यंत ती रिकामी झाली तर उत्तम. या प्रकरणात आपण फक्त त्या पाण्याच्या मागे जायचं आहे: ते जाणार कुठे?

त्याआधी एक रास्त शंका. घोड्याला पांघरूण लागतंच कशाला? खरं तर पुष्कळ घोड्यांना लागत नाही. दिवस लहान होऊ लागले की घोड्याच्या अंगावर हिवाळी केस येतात. तो निरोप थंडीपेक्षा उजेड देतो. गारठा वाढला की हे केस उभे राहतात आणि त्यांच्यात हवा अडकते. शिवाय घोड्याच्या मोठ्या आतड्यात गवत आंबत असतं आणि त्या आंबण्यातून ऊब निघते. तिथले जुने लोक थंडीत घोड्याला दाण्यापेक्षा चारा वाढवा म्हणतात ते याच कारणानं. ही व्यवस्था दोन ठिकाणी मोडते. एक, पावसात. भिजलेले केस अंगाला चिकटले की अडकलेली हवा गेली. दुसरं, माणसाच्या हातून. ज्या घोड्यावर हिवाळाभर रपेट करायची त्याला त्या केसाळ अंगानं भयंकर घाम येतो आणि मग तो तासन्‌तास वाळत नाही. म्हणून केस यंत्रानं भादरतात. आधी त्याची रजई काढून घ्यायची आणि मग दुकानातून दुसरी आणून घालायची, असा हा मामला. भाचीचा घोडा भादरलेला होता. म्हणजे रग हवाच, आणि कोरडा हवा.

आता पाण्याकडे.

आपण म्हणतो, कापड वाळतं ते उष्णतेनं. हे अर्धच खरं. कापड वाळतं ते हवेत जागा असते म्हणून. हवेत पाण्याची वाफ किती मावेल ते तापमानावर ठरतं. 5 अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत फार तर 6.8 ग्रॅम वाफ मावते. 10 अंशांना 9.4 ग्रॅम, 20 अंशांना 17.3, 30 अंशांना तीसच्या थोडी वर. दर दहा अंशांमागे ही जागा जवळजवळ दुप्पट होत जाते. पण मावते किती हा एक प्रश्न आणि शिल्लक किती हा दुसरा. गाडीत साठ आसनं आहेत हे कळून उपयोग नाही. रिकामी किती ते सांगा.

त्या संध्याकाळी बाहेर 5 अंश होते. आर्द्रता 90 टक्के धरू. तिकडच्या हिवाळ्यात ती अशीच असते. म्हणजे 6.8 पैकी 6.1 ग्रॅमची जागा आधीच भरलेली. शिल्लक राहिले 0.7 ग्रॅम. आपल्याकडे पाणी 3,000 ग्रॅम. भागाकार केला तर सव्वाचार हजार घनमीटरांहून जास्त हवा लागते. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली साधारण 28 घनमीटरांची असते. अशा दीडशे खोल्यांतली हवा, एकामागून एक, त्या एका रगावरून जायला हवी आणि प्रत्येक खोलीनं जाताना आपली सगळी रिकामी जागा भरून न्यायला हवी. वारा असेल तर हे जमतं. यॉर्कशायरच्या टेकड्यांवर वारा मुबलक आहे. पण तो येतो तो पाऊस घेऊनच.

तीच हवा 20 अंशांपर्यंत तापवली तर? आतली वाफ तेवढीच राहते, जागा मात्र वाढते. आता घनमीटरमागे साडेअकरा ग्रॅमच्या आसपास शिल्लक. दीडशे खोल्यांच्या ऐवजी नऊ-दहा खोल्यांत काम. हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात सुटणारी वाफ हवेतली ऊब खाते, हवा पुन्हा गार होते आणि जागा घटते. तरी फरक केवढा आहे ते दिसतं.

मला इथे पुण्याचा जुलै आठवला. पुण्यातल्या घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम ऐन पावसाळ्यात येतो आणि तेव्हा घरात काहीच वाळत नाही म्हणून आपण रडत असतो. पण 24 अंश आणि तीच 90 टक्के आर्द्रता धरली, तर हवेत घनमीटरमागे 2.2 ग्रॅम जागा उरते. यॉर्कशायरच्या तिप्पट! टक्केवारी तीच, मोकळी जागा तिप्पट. आर्द्रतेचा आकडा नुसता ऐकून काही कळत नाही तो असा. आणि विदर्भातला मे? 42 अंशांना घनमीटरमध्ये 56 ग्रॅम मावतात आणि त्यातले बहुतेक रिकामेच असतात. तिथे रग दोरीवर टाकून चहा प्यायला बसलात तर कप विसळेपर्यंत निम्मं काम झालेलं असेल.

जागेचा हिशेब झाला, आता खर्चाचा. पाण्याची वाफ करायला ऊर्जा लागते, आणि ती उकळीपर्यंत न नेतासुद्धा लागते. साध्या तापमानाला एका किलो पाण्यामागे सुमारे अडीच मेगाज्यूल. तीन किलोंना साडेसात. विजेच्या बिलाच्या भाषेत दोन युनिटं, तीही एक कणभरही ऊब वाया गेली नाही तर. आपल्या रगाची ही किमान किंमत. ती कुणीतरी भरतोच. सूर्य भरतो, वारा भरतो, बॉयलर भरतो. आणि माणूस आळशी असेल तर घोडा भरतो. त्याच्याकडे आपण परत येऊ.

हा रग आज जसा आहे तसा व्हायला बराच काळ गेला आणि प्रत्येक टप्प्यावर पाण्याशी भांडण वेगळं होतं. जुनं पांघरूण लोकरीचं. ऑक्सफर्डजवळचं विटनी हे गाव शेकडो वर्षं ब्लँकेटांसाठी प्रसिद्ध होतं. तिथली शेवटची गिरणी 2002 मध्ये बंद पडली. सोनेरी पिवळ्या रंगावर लाल-काळे पट्टे असलेलं विटनी ब्लँकेट अजूनही घोडेवाल्यांच्या घरात निघतं. विणून झालेली ओली लोकर आटू नये म्हणून उघड्या माळावर लांबच लांब लाकडी चौकटींना आकड्यांनी ताणून वाळवत. रग वाळवण्याच्या चौकटी बघून मला त्या आठवतात.

लोकरीची एक गंमत आहे. ती ओली न वाटता पाणी पिते. कोरड्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा ओलावा पोटात घेतला तरी हाताला फारशी कळत नाही, आणि पिताना किंचित ऊबही सोडते. धनगराची घोंगडी पावसात डोक्यावर घेऊन माणूस दिवसभर मेंढरांमागे फिरतो ते काही उगाच नव्हे. चिंचोक्याची खळ दिलेली ती खरखरीत लोकर वरचं पाणी ओघळू देते आणि आत झिरपलेलंही अंगाला लगेच कळू देत नाही. पण प्यायलेलं पाणी सोडताना हीच लोकर चिकटपणा करते. घोंगडी वाळायला दोन-दोन दिवस लागतात हे ज्याच्या घरी आहे त्याला विचारा.

मग आला ताग, आणि इथे आपल्या देशाचा संबंध येतो. बंगालचा ताग जहाजांनी स्कॉटलंडमधल्या डंडीला जाई. यंत्रावर कातायचा तर हा राठ धागा तेल-पाण्यानं मऊ करावा लागे आणि डंडी हे व्हेलच्या शिकारीचं बंदर होतं, तेल दारातच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे शहर तागावर उभं राहिलं. त्याच तागाच्या जाड गोणपाटाला आतून लोकरीचं अस्तर लावून इंग्लंडातल्या तबेल्यांतले रात्रीचे रग शिवले जात. म्हणजे इंग्रज जमीनदाराच्या शिकारी घोड्याच्या अंगावर पूर्व बंगालच्या भाताच्या खाचरालगत कुजवलेला ताग होता. खोगिराखालच्या गादीला इंग्रजीत जो शब्द आहे, नमना, तो तर सरळ आपला नमदाच. पांघरूणही इकडचं आणि शब्दही.

ताग स्वस्त आणि टिकाऊ, पण पाणी पिण्यात लोकरीच्या खालोखाल. व्यापारात धाग्याचं वजन करताना हवेतून शोषलेला ओलावा किती धरायचा याचे ठरलेले आकडे असतात: लोकरीला सोळा टक्क्यांच्या आसपास, तागाला पावणेचौदा, कापसाला साडेआठ, पॉलिस्टरला अर्ध्या टक्क्याहूनही कमी. या एका ओळीत रगांचा इतिहास आला. बाहेर कुरणात घालायला पुढे कॅनव्हासचा रग आला. त्याला न्यूझीलंड रग म्हणत. घट्ट विणलेल्या कापसाचा धागा ओला झाला की फुगतो, विणीतली भोकं बुजतात आणि पाणी आत येईनासं होतं. पाणी अडवायला पाणीच कामाला लावण्याची ही युक्ती मला फार आवडते. पण फुगलेला कॅनव्हास म्हणजे उचलायला दारासारखा. ज्यांनी तो वापरला ते अजून त्याच्या नावानं खांदे चोळतात.

आज पॉलिस्टर आणि नायलॉन. दुकानात कापडाचा जाडपणा डेनियरमध्ये सांगतात: 9,000 मीटर धागा जितके ग्रॅम भरेल तितके डेनियर. 600 डेनियरचा रग बऱ्यापैकी, 1,200 चा दांडगा, म्हणजे शेजारच्या घोड्यानं दात लावले तरी सहसा न फाटणारा. भरण मात्र ग्रॅममध्ये, चौरस मीटरमागे 50 पासून 400 पर्यंत.

आता प्रश्न असा, की पॉलिस्टर पाणी पीतच नाही, तर तीन लिटर बसलं कुठे? धाग्यांच्या पोटात नव्हे, धाग्यांच्या मधे. भरणीचं काम हवा अडकवणं. जिथे हवा अडकते तिथे पाणीही अडकतं. आपल्याकडे निरुपयोगी भरताडाला खोगीरभरती म्हणतात, पण ही भरती फार उपयोगी असते. कोरडी असेपर्यंत. भिजली की तिच्यातलं पाणी घोड्याच्या अंगाची ऊब झपाट्यानं बाहेर काढतं, कारण स्थिर हवेच्या मानानं पाणी कितीतरी चांगलं उष्णतावाहक आहे.

आणि जलरोधक असूनही भिजतं कसं? शिवणीतून, पट्टे जिथे शिवले तिथल्या सुईच्या भोकांतून, मानेवरून आत ओघळणाऱ्या धारेतून, खांद्याशी घासून गेलेल्या लेपातून. कधी घोड्याच्याच घामातून. भाचीचा रग मानेच्या बाजूनं गळत होता, हे सगळं वजन खांद्यापाशी आलं होतं त्यावरून कळलं.

इथे वाळवणाऱ्याची पहिली कसोटी. रगाच्या बाहेरच्या कापडाला आतून लेप असतो. तो पाण्याचा थेंब आत येऊ देत नाही आणि वाफ मात्र बाहेर सोडतो. दुकानदार याला ‘श्वास घेणारं कापड’ म्हणतात. हा श्वास कापड स्वतःहून घेत नाही. आत घोड्याचं अडतीस अंशांचं अंग असतं, बाहेर पाच अंशांची हवा. वाफ आतून बाहेर ढकलली जाते ती या फरकामुळे. रग दोरीवर टांगला की आत घोडा नाही, ढकलणारं कुणी नाही. मग तो लेप नुसती भिंत होतो आणि भरणीतलं पाणी त्याच्यामागे कोंडून राहतं. म्हणून रग टांगायचा तो उलटा, अस्तर बाहेर करून. यार्डात नवी आलेली माणसं चिखलाची बाजू बाहेर ठेवतात, कारण ती ओली दिसते. सकाळी बाहेरून खडखडीत, आतून ओलागच्च.

टांगण्याआधी निथळवायचं. हे फुकटचं काम आहे आणि त्यामुळेच त्याला कुणी मान देत नाही. पाण्याची वाफ करायला जेवढी ऊर्जा लागते तिच्या मानानं पाणी थेंबानं खाली पाडायला काहीच लागत नाही. भाचीनं रग लाकडी फाटकावर पसरला आणि कुंच्यानं वरचं पाणी सपासप झाडलं. मग अस्तर वर करून जुन्या टॉवेलनं खांद्याचा भाग दाबून-दाबून टिपला. दहा मिनिटं. पुन्हा तोलला: सहा किलोंना थोडा कमी. एक लिटरच्या वर पाणी जमिनीवर गेलं, एका पैशाची वीज न जाळता.

मग ती मला वाळवणाच्या खोलीत घेऊन गेली आणि तिथे मला हसू आवरेना. छताखाली लाकडी दांड्यांची चौकट, कप्पीवरून जाणारी दोरी, दोरी भिंतीवरच्या आकड्याला गुंडाळलेली. रग टाकायचा, दोरी ओढायची, चौकट वर. गिरगावातल्या आमच्या चाळीत छताला बांबूची दांडी होती आणि आजी काठीच्या टोकानं नऊवारी वर चढवायची, सुरकुती न पाडता. तिकडच्या जुन्या स्वयंपाकघरांतही ही कप्पीची चौकट असते. कल्पना एकच: गरम हवा वर जाते, मग कपडेही वर. फक्त आजीला कप्पी लागली नाही.

त्या खोलीत बारा रग टांगलेले होते. कोपऱ्यात तेलाचा हीटर, दार घट्ट बंद, फटीत गोणपाट कोंबलेलं. आत शिरलो तर चष्म्यावर धुकं. कुबट वास, ओली लोकर, लीद, घोड्याचा घाम आणि बुरशी यांचं मिश्रण. खिडकीच्या काचेवरून पाण्याच्या धारा चाललेल्या आणि पत्र्याच्या छतावरून टप... टप... थेंब पडत होते ते त्याच रगांवर.

‘‘आत किती उबदार आहे बघ,’’ भाची म्हणाली, ‘‘तरी दोन दिवसांत वाळत नाहीत.’’

आपला हिशेब इथे लावू. साधारण 28 घनमीटरांची खोली, 20 अंश. पाच अंशांची हवा आत घेऊन तापवली तर तिच्यात सव्वातीनशे ग्रॅम वाफेची जागा होते. बारा रगांतलं पाणी धरा वीस किलो. सव्वातीनशे ग्रॅम सुटले की हवा भरली; पुढे वाफ निघते तेवढीच गार काचेवर आणि पत्र्यावर पुन्हा पाणी होऊन बसते. हीटर रात्रभर पाणी रगांतून छताला आणि छतातून रगांवर फिरवत होता. ऊब विकत घेतली खरी, पण जायला वाट दिली नाही.

हीटर असेल तर खोलीला वाट हवी: खाली एक फट, वर एक झरोका, जमलं तर बाहेर हवा फेकणारा छोटा पंखा. ऊब थोडी वाया जाते, ती जाऊ द्यावी. याच्या बरोबर उलटं यंत्र म्हणजे डीह्युमिडिफायर. ते हवेतली वाफ गार करून किंवा शोषून बादलीत पाणी करून देतं, आणि वाफेचं पाणी होताना जी ऊर्जा सुटते तीही खोलीतच राहते. त्याच्यासाठी मात्र दार बंद हवं, नाहीतर ते साऱ्या यॉर्कशायरचा ओलावा काढत बसेल. हीटरला उघडं, डीह्युमिडिफायरला बंद. बहुतेक यार्डांत हे नेमकं उलटं चाललेलं असतं. त्यातही दोन जाती आहेत. आपल्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असलेलं यंत्र उबदार घरात छान चालतं, पण पाच अंशांच्या खोलीत त्याच्या नळ्यांवर बर्फ धरतं आणि ते बर्फ वितळवण्यातच दमतं. झिओलाइटचं फिरतं चाक असलेलं दुसरं यंत्र वीज जास्त खातं, पण गारठ्यातही काम करत राहतं. तबेल्याला हे दुसरं बरं.

हीटरबद्दल एक सूचना, थट्टा बाजूला ठेवून. जिथे सुकं गवत, पेंढा, लाकूड आणि कुलुपबंद जनावरं आहेत तिथे लाल तार दिसणारा किंवा गॅसचा हीटर नकोच. वाळवणाची खोली ठाणांपासून वेगळी असावी आणि तारांचं काम जाणत्याकडून केलेलं असावं. तबेल्याची आग काही मिनिटांत आटोक्याबाहेर जाते.

कपडे वाळवायच्या यंत्रात रग टाकू नये हेही तिथे शिकलो. जास्त उष्णतेनं लेप सुटतो, भरणीचे गोळे होतात. धुण्यातही साधी साबणपूड आणि कपडे मऊ करणारं द्रव हे दोन्ही घातकच. पाणी ओघळवणारा वरचा थर त्यांनी निकामी होतो. पण भाचीचा पहिला धडा वेगळा होता. तिनं रग घरच्याच यंत्रात कोंबला. धुऊन निघाला, पण घोड्याच्या केसांनी गाळणी अशी बुजली की स्वयंपाकघरात पाणी झालं आणि पुढे महिनाभर नवऱ्याच्या ऑफिसच्या शर्टांवर तपकिरी केस निघत होते. सार्वजनिक धुलाईच्या दुकानांत ‘घोड्याची पांघरुणं चालणार नाहीत’ अशा पाट्या का असतात ते त्या दिवशी घरात सगळ्यांना कळलं. तिकडे नुसते रग धुऊन, वाळवून, दुरुस्त करून देण्याचा वेगळा धंदाच आहे.

आता घोड्याकडे परत. पाचशे किलोंचा घोडा नुसता उभा असताना सहा-सातशे वॉट ऊब बाहेर टाकत असतो. लहानसा हीटरच. मग ओला रग तसाच त्याच्या अंगावर ठेवला तर वाळेल की! वाळेलही. साडेसात मेगाज्यूल म्हणजे त्याच्या अंगातून निघणारी सगळीच्या सगळी ऊब तीनेक तास. ती पाण्याला दिली तर त्याला स्वतःसाठी काय उरलं? तो कुडकुडतो, चारा जाळतो, वजन उतरतं. शिवाय ओलसर, उबदार, हवा न खेळणाऱ्या कातडीवर डर्माटोफिलस काँगोलेन्सिस नावाचा जिवाणू फोफावतो. पाठीवर खपल्या धरतात आणि केसांचे पुंजके खपलीसकट हातात येतात. तिथले लोक याला पावसाचा चटका अशा अर्थाचं नाव देतात. बाहेरचं कापड नुसतं ओलं असेल आणि अस्तर कोरडं, तर मात्र रग अंगावर असू द्यावा; घोडा तो हां हां म्हणता वाळवतो. अस्तराला हात लावून ठरवायचं.

घोड्याच्या उबेचा शहाणा वापर जुन्या मोतद्दारांना ठाऊक होता. शिकारीहून घामेजून आलेल्या घोड्याच्या पाठीवर ते पेंढा पसरत, वरून तागाचा रग उलटा टाकत. पेंढ्यातून हवा खेळे, घामाची वाफ वर जाई आणि तासाभरानं रग वरून ओला, घोडा खालून कोरडा. तिकडे याला छप्पर शाकारण्याचाच शब्द आहे. पुढे मोठ्या जाळीचे सुती रग आले, आता फ्लीसचे. फ्लीस घातलेल्या घोड्याच्या पाठीवर विजेरी मारून पाहा: बाहेरच्या लवेवर दवासारखे बारीक थेंब चमकतात आणि आत हात घातला तर केस कोरडे. पाणी निघालं, गार हवेला भेटलं आणि वेशीवरच थांबलं.

कडाक्याच्या दिवसांत तिकडे आणखी एक चमत्कार होतो. फाटकावर विसरलेला रग रात्रीत गोठून फळकुटासारखा कडक होतो. उचलला तर आपल्या पायांवर उभा राहील. हा रग वाळत नाही असं वाटतं, पण हवा कोरडी असेल तर बर्फाचीही सरळ वाफ होते, पाणी व्हायचा टप्पा गाळून. स्कँडिनेव्हियात, लडाखात अंगणात कपडे असेच वाळतात. यॉर्कशायरची थंडी मात्र धड गोठतही नाही, धड कोरडीही होत नाही.

या सगळ्याचा तिथल्या लोकांनी काढलेला तोडगा आपल्या चाळीतलाच आहे. दोन रग ठेवायचे. एक अंगावर, एक दांडीवर. ज्याच्याकडे एकच आहे त्याची रात्र वाईट जाते.

त्या रात्री आम्ही वाळवणाच्या खोलीतलं गोणपाट काढलं, वरची झडप उघडली, रगांमध्ये हातभर अंतर ठेवलं. बारापैकी पाच कोरडेच होते आणि उगाच जागा अडवून बसले होते, ते खाली घेतले. भाचीचा रग अस्तर बाहेर करून, लोंबणारे पट्टे बांधून, खांद्याचा भाग सर्वांत वर येईल असा टाकला. तिनं दोरी ओढली. खुंटीवरचा कोरडा रग घोड्यावर चढला. बकल लावताना त्यानं तिच्या टोपीचा गोंडा ओढून पाहिला.

सकाळी साडेसहाला पुन्हा गेलो. काचा कोरड्या होत्या. चौकट खाली घेतली आणि भाचीनं रगाला हात न लावता आधी गाल लावला. गारठलेल्या बोटांना ओलं आणि गार यांतला फरक कळत नाही म्हणून. पाठ, पोट, पुठ्ठा, सगळं कोरडं. मानेपाशी, जिथे शिवण जाड आहे तिथे, ती थांबली.

‘‘इथे अजून आहे.’’

काट्यावर चार किलो आणि पाव. पाव लिटर पाणी त्या एका शिवणीत मुक्कामाला. तिनं रग वळवून ती शिवण हीटरच्या बाजूला घेतली, दोरी पुन्हा वर ओढली आणि बाहेर पाऊस थांबलाय का ते बघायला गेली. थांबला नव्हता.